पथ्याचे ताट आणि दुष्काळाचे ताट

श्रोतेहो, रत्नागिरीच्या मांडवीवर संध्याकाळी फेरफटका मारला, म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. एके काळी या धक्क्यावर माणसे यायची ती मुंबईच्या बोटीसाठी. बोट दूर खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून उतारू जायचे-यायचे, आणि मागे राहिलेल्यांच्या घरी महिन्याकाठी मनिऑर्डर यायची. तिच्यावर तांदूळ यायचा. आज बोटी राहिल्या नाहीत, धक्का आहे. त्यावर संध्याकाळी पन्नाशीची माणसे पायांत पांढरे बूट घालून भराभर चालताना दिसतात. कुठे जायचे म्हणून ती चालत नाहीत. खाल्लेले जिरावे, वजन उतरावे, रक्तातली साखर आटोक्यात राहावी, म्हणून चालतात. पोट भरावे म्हणून बाप ज्या धक्क्यावरून मुंबईला गेला, त्याच धक्क्यावर मुलगा पोट उतरावे म्हणून फेऱ्या घालतो आहे.

या फेऱ्या घालणाऱ्यांत मीही एक आहे. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासले, तेव्हा साखर अगदी उंबरठ्यावर येऊन ठेपलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "औषध तूर्त नको. आठ किलो वजन उतरवा. जेवण मोजून घ्या." मी इतिहासाचा मास्तर, मोजून जेवणे म्हणजे काय, ते मला कुठले ठाऊक! पण घरी आलो, छापील तक्ता भिंतीला लावला आणि वजनाचा एक छोटा काटा ओट्यावर आणून ठेवला. आई पंचाहत्तरीला टेकलेली. ती त्या काट्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, कमी खायला पण शिकावं लागतं होय? आमच्या वेळी शिकावं लागत नव्हतं. कमीच असायचं."

हे ती सहज बोलून गेली. पण मला वाटले, आपण ज्याला इतिहास म्हणतो तो याच वाक्यात आहे. कमी जेवणाचे दोन इतिहास आहेत. एक स्वतःहून कमी खाणाऱ्याचा, म्हणजे पथ्याचा. दुसरा कमी खावे लागणाऱ्याचा, म्हणजे दुष्काळाचा. हे दोन्ही इतिहास एकाच चुलीपाशी कसे येऊन मिळाले, ते आज आपण थोडक्यात पाहू.

वजन उतरवण्याचे खूळ परदेशातून आले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे. त्यात आठ प्रकारची शरीरे निंद्य म्हणून सांगितली आहेत, आणि त्यांतल्या अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा सविस्तर विचार केला आहे. अति खाणे, व्यायाम नसणे, दिवसा झोपणे ही लठ्ठपणाची कारणे तिथे दिली आहेत, आणि बीजाचा म्हणजे आईबापांकडून आलेल्या प्रकृतीचा भागही सांगितला आहे. पुढे तर असेही म्हटले आहे की, या दोघांत कृश बरा, कारण स्थूलाला बरे करणे अधिक अवघड. उपाय कोणता? स्थूल माणसाला असे अन्न द्यावे, की जे पोटात जड वाटेल पण अंगाला पोसणार नाही. विचार करा, श्रोतेहो. पोट भरल्यासारखे वाटले पाहिजे, भर मात्र पडता कामा नये! आजचे आहारशास्त्र तंतुमय पदार्थ आणि पाणी यांच्याविषयी जे सांगते, ते याहून फारसे निराळे नाही.

आता त्या अध्यायात धान्ये कोणती सांगितली आहेत, ते पाहा. यव म्हणजे जव, श्यामाक, कोद्रव, मूग, कुळीथ. भाज्यांत पडवळ आणि फळांत आवळा. श्यामाक वरीच्या गोतातला. कोद्रव म्हणजे आपल्या कोकणातला हरीक. ही यादी मी घरी वाचून दाखवली, तेव्हा आई हसली. तिच्या माहेरी डोंगरउतारावर वरकस जमीन होती. वरकस म्हणजे भात न होणारी जमीन. तिथे नाचणी, वरी आणि हरीक व्हायचा. भात खंडापोटी किंवा सणासुदीसाठी. रोजच्या पोटाला नाचणी. म्हणजे चरकाने श्रीमंत स्थूलाला पथ्य म्हणून जे ताट वाढले, तेच ताट कोकणातला गरीब पिढ्यान्‌पिढ्या नाइलाजाने जेवत आला. धान्य तेच. एकाला ते औषध, दुसऱ्याला तोच संसार.

सुश्रुतानेही प्रमेहावर, म्हणजे ज्यात आपला मधुमेह येतो त्या रोगवर्गावर, असाच रोकडा उपाय सांगितला आहे. निर्धन रोग्याने पायांत वहाण न घालता, डोक्यावर छत्री न धरता, एका गावात एका रात्रीहून अधिक न राहता शंभर योजने चालावे. कुणी विहीर खणावी. मांडवीच्या धक्क्यावरचे आम्ही पांढऱ्या बुटांचे पांथस्थ, त्यामानाने फारच सुखात आहोत!

आता रत्नागिरीचीच एक गोष्ट सांगतो. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. १९०८ सालच्या जुलैत त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. गंमत अशी की, त्याच मंडालेचा पदच्युत राजा थिबा त्या वेळी इथे रत्नागिरीत नजरकैदेत होता. १८८६ पासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंत तो इथेच राहिला. रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी!

टिळकांनी मंडालेत गीतारहस्य लिहिले, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्यांना मधुमेह होता, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. होते ते पथ्य. टिळकांनी गहू-तांदूळ बाजूला सारून जवाच्या पिठावर राहण्याचा क्रम ठेवला. रांधायला कुलकर्णी आडनावाचा एक कैदी त्यांना दिलेला होता. म्हणजे तुरुंगातल्या चुलीवर, एका कैद्याच्या हातून, चरकाच्या यादीतला यव शिजत होता.

पथ्य हेच औषध, ही गोष्ट त्या वेळी साऱ्या जगात होती. १८७०-७१ साली जर्मन सैन्याने पॅरिस शहराला वेढा घातला आणि शहरात अन्नाचा तुटवडा पडला. तेव्हा बूशार्दा नावाच्या फ्रेंच वैद्याच्या ध्यानात आले की, आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर उतरते आहे. वेढ्याने शहराची उपासमार केली आणि काही रोग्यांना गुण आला! पुढे १९१५ च्या सुमारास अमेरिकेत ॲलन नावाच्या डॉक्टरने मधुमेह्यांना जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत काढली. त्यात माणूस काही काळ जगे, पण हाडांचा सापळा होऊन. १९२२ सालच्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरी चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले आणि तो काळ संपला. टिळक १९२० सालीच गेले होते.

आता ज्याच्या तक्त्याने माझ्या घरची भिंत अडवली, त्या कॅलरीकडे वळू. कॅलरी म्हणजे काही जादू नव्हे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला आहारात एक कॅलरी म्हणतात. लाकूड चुलीत जळते तसे अन्न शरीरात जळते. त्यातून किती उष्णता निघते, त्याचे हे माप. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाला एका बंद खोलीत ठेवून त्याची उष्णता मोजली आणि हिशेब बसवला: एक ग्रॅम पिठूळ पदार्थ किंवा प्रथिन म्हणजे ४ कॅलरी, एक ग्रॅम तेल-तूप म्हणजे ९. हा हिशेब अजून चालतो.

त्याच्याही आधी, १८६३ साली, लंडनमधल्या बँटिंग नावाच्या गृहस्थाने आपण लठ्ठपणा कसा घालवला त्याचे एक पत्रक छापले. हा धंद्याने शवपेट्या करणारा, अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा. पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून त्याने एका वर्षात ४६ रत्तल वजन उतरवले. पत्रक इतके खपले, की इंग्रजीत पथ्य करण्याला काही काळ त्याचेच नाव पडले. मग १९१८ साली अमेरिकेत लुलू हंट पीटर्स या डॉक्टरीणबाईंनी बायकांना सांगितले की, पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरी पाव म्हणा. स्वयंपाकघरात कॅलरी शिरली ती तेव्हापासून.

आपल्या देशात मात्र अन्न मोजायला सुरुवात झाली ती वजन उतरवण्यासाठी नव्हे. मुळीच नव्हे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सोलापूर, नगर, सातारा, पुणे या भागांतली माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर आली. सरकारला प्रश्न पडला, यांना जगण्यापुरते किती द्यावे? सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने १८७७ च्या आरंभी उत्तर दिले: अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा. बायका-मुलांना त्याहून कमी. याला लोक टेंपल साहेबाची मजुरी म्हणू लागले. मुंबई इलाख्यात हजारो मजूर हे दर नाकारून कामावरून उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्ज केले. मद्रास इलाख्यातले आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीही निक्षून सांगितले की, एवढ्या अन्नावर मेहनत करणारा माणूस टिकणार नाही.

आपण हिशेब करू. एक रत्तल म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. त्याच्या कॅलरी होतात सुमारे १,५५० ते १,६००. हा आकडा लक्षात ठेवा. कारण १९४४-४५ साली, दुसरे महायुद्ध संपत आले असताना, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. लढाईवर जायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण आपण होऊन या प्रयोगात आले. त्यांना सहा महिने रोज सरासरी १,५७० कॅलरींवर ठेवण्यात आले. त्यांचे वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरले. ते चिडखोर झाले, त्यांना थंडी सोसेना, पायांना सूज आली. आणि सगळ्यांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की दिवसरात्र त्यांच्या डोक्यात अन्नच घोळू लागले. त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले!

दुष्काळी मजुराला टेंपल साहेबांनी जेवढे धान्य दिले, जवळजवळ तेवढ्याच आहारावर हे तरुण होते. फरक एवढाच की, त्यांची काळजी घ्यायला डॉक्टर होते आणि त्यांना खडी फोडायची नव्हती. सार्वजनिक सभेचे आणि त्या निरक्षर मजुरांचे म्हणणे बरोबर होते, हे शास्त्राने सदुसष्ट वर्षांनी दाखवले.

पुढचाही इतिहास असाच आहे. १९२० च्या दशकात कुन्नूरला मॅक्‌कॅरिसन यांनी उंदरांचे गट करून एकेकाला देशातल्या एकेका समाजाचे जेवण घातले. शिखांच्या जेवणावरचे उंदीर सर्वांत सशक्त निघाले, त्याखालोखाल पठाणांच्या आणि तिसरे मराठ्यांच्या जेवणावरचे. १९३७ साली त्याच संस्थेतून एक्रॉइड यांनी भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. आज आपल्या भिंतीवर जे तक्ते लागतात, त्यांचे हे मूळ. आणि १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याची रेषा आखली, ती कॅलरीनेच: माणशी दिवसाला २,२५०. त्याच्या दुसऱ्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. तेव्हाची सुकडी आणि मिलो ज्यांनी खाल्ला, असे श्रोते आजही माझे हे बोलणे वाचत असतील. त्यांना कॅलरी म्हणजे काय ते मी सांगावे असे नाही.

म्हणजे हा तक्ता मुळात भुकेल्याचे ताट भरावे म्हणून तयार झाला. तोच आज भरल्या ताटातले काढायला आपण वापरतो.

पण काढायची वेळ आली आहे, हेही खरे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत देशातल्या मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाख सांगितली आहे. उंबरठ्यावर असलेले माझ्यासारखे आणखी १३ कोटी ६० लाख. हे सगळे लठ्ठ आहेत का? नाहीत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन भरले २ किलो ७०० ग्रॅम. इंग्लंडमधल्या बाळांचे साडेतीन किलो. पण अंगात स्नायू कमी असूनही चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. बाहेरून बारीक, आतून मेद. २००४ साली याज्ञिकांनी आपला स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के.

असे का व्हावे? पिढ्यान्‌पिढ्या आया अर्धपोटी राहिल्या, पोटातल्या बाळाने मिळेल त्यात भागवायची सवय लावून घेतली, आणि पुढे अन्न मुबलक झाल्यावर तीच सवय अंगावर आली, असा एक विचार शास्त्रज्ञ मांडतात. तो खरा असेल, तर आईच्या वेळची पेज आणि माझ्या रक्तातली साखर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आता घरातल्या प्रयोगांचा वृत्तांत सांगतो. पहिला आठवडा आम्ही वाया घालवला. मासिकातल्या कृती बघून कच्च्या पाल्याचे ताट केले. रात्री अकराला भूक लागली आणि मी डबा उघडून शेंगदाणे खाल्ले. शंभर ग्रॅम शेंगदाणे म्हणजे साडेपाचशेच्या वर कॅलरी. दिवसभराचे पथ्य एका मुठीत गेले.

मग पत्नी म्हणाली, "अहो, परक्या कृती कशाला? आई करतात तेच मोजून बघू." आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. तक्ता उघडला. शंभर ग्रॅम तांदूळ, सुमारे ३५० कॅलरी. तितकीच नाचणी, सुमारे ३२०. तितकेच कुळीथ, सुमारे ३३०. म्हणजे कोरडे धान्य घेतले तर फारसा फरक नाहीच! 'नाचणी खा, बारीक व्हा' असे कुणी सांगितले, तर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. फरक पडतो तो पाण्याने आणि कोंड्याने. एका माणसाच्या कुळथाच्या पिठीला २५ ग्रॅम पीठ पुरते. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी कॅलरी, आणि फोडणीला चहाचा एक चमचा तेल, म्हणजे आणखी चाळीस. सव्वाशेत वाडगा भरतो आणि पोटही भरते. नाचणीची आंबील ताकातली केली तर तीही तशीच. हेच चरकाचे जड पण न पोसणारे अन्न!

सोलकढीने मात्र फसवले. आम्ही समजत होतो, ती हलकी. पण ओल्या नारळाच्या शंभर ग्रॅमला चारशे कॅलरी. दुसऱ्या रसाची, तिसऱ्या रसाची म्हटली तरी नारळ तो नारळच. मग आईने फुटी कढी केली. फुटी कढी म्हणजे नारळाशिवायची. नुसते आगळ, पाणी, मीठ, मिरची, कोथिंबीर. कॅलरी जवळजवळ नाहीतच. बांगडा तळायचा सोडून त्याचे तिखले केले; तव्यावरचे तेल वाचले आणि चव तसूभर कमी झाली नाही. नाचणीची भाकरी पत्नीच्या हातून पहिल्या चार दिवस तुटली. पीठ उकड काढून मळायचे, हे आईने दाखवल्यावर जमली.

उपवासाचाही हिशेब केला. पंचाहत्तर ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट, एक बटाटा आणि तीन चमचे तूप. खिचडीची एक बशी साडेपाचशेच्या वर गेली. तेवढ्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि भाजी झाली असती. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने केली, त्याच्याकडे काटा नव्हता, पण हिशेब पक्का होता.

आठ महिन्यांत माझे सात किलो वजन उतरले. साखरही उंबरठ्यापासून मागे सरली. मी आनंदात होतो. आणि मग एक दिवस त्याच काट्याच्या नादात आम्ही आईचे वजन केले. तिचे पाच किलो उतरले होते.

तिला कुणी पथ्य सांगितले नव्हते. पण घरात सगळे मोजून शिजू लागले, तेल-नारळ आखडला, तेव्हा तिने आपणहून आपल्या ताटातले कमी केले होते. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "तू कमी खातोस, आणि मी भरल्या पानावर बसू? घशाखाली उतरत नाही." डॉक्टरांनी तपासले आणि मला चांगलेच बोलून घेतले. या वयात वजन उतरले की हाडे आणि स्नायू उतरतात. परत येता येत नाहीत. घरातल्या एकाला पथ्य सांगितले होते, मी ते सगळ्या घराला लावले. दुष्काळात जन्म काढलेल्या बायकांची सवय अशी, की घरात अन्न कमी दिसले की पहिल्यांदा त्या स्वतःचा वाटा कमी करतात. कारण विचारत नाहीत. मी इतिहास शिकवतो, आणि माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर तो घडत होता, तो मला दिसला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे आईचे ताट वेगळे वाढले जाते. तिला नारळाची आमटी, भातावर तूप, संध्याकाळी दूध. ती कुरकुरते, पण सून समोर बसून राहते, म्हणून जेवते. तिचे वजन दोन किलो भरून आले आहे.

श्रोतेहो, विशेषतः शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या सगळ्यातून मी जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवतो. पहिले, हलके जेवण कुणासाठी, हे आधी ठरवावे. वाढत्या वयाची मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, म्हातारी माणसे यांचे ताट कमी करू नये. शाळा-कॉलेजातल्या मुली आरशात बघून जेवण सोडतात, त्यांना मिनेसोटाच्या त्या तरुणांची गोष्ट जरूर सांगावी. दुसरे, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साडेआठशे कॅलरींच्या आसपासच्या आहाराने जवळजवळ निम्म्या मधुमेह्यांची औषधे सुटून साखर वर्षाने ताळ्यावर आलेली दिसली. पण तो प्रयोग काही महिन्यांपुरता आणि वैद्यांच्या देखरेखीखाली होता. औषधे घेणाऱ्याने अशा गोष्टी घरच्या घरी, ऐकीव माहितीवर करू नयेत. साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतते. तिसरे, शाळेत एक सोपा पाठ करता येईल. मुलांना घरच्या वाटीत किती ग्रॅम तांदूळ मावतो ते मोजून आणायला सांगा आणि त्यावरून टेंपल साहेबाच्या एका रत्तलाचा भात ताटात मांडून दाखवा. गणित होईल, विज्ञान होईल आणि इतिहासही होईल. १८७७ चा दुष्काळ पुस्तकात चार ओळींत संपतो. ताटात तो लवकर संपत नाही.

परवा संध्याकाळी आईला घेऊन मांडवीवर गेलो होतो. काळ्या वाळूवर जरा बसलो. समोरून आमची फेऱ्या घालणारी मंडळी जात-येत होती. आई म्हणाली, "हे सगळे एवढे चालतात, आणि घरी जाऊन काय जेवतात रे?" मी म्हटले, "थोडंच." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "असू दे. पण यांच्या घरातल्या म्हाताऱ्या जेवतात ना, ते कुणी बघतं का?"

पथ्य अवश्य करावे, श्रोतेहो. पण जेवायला बसताना आपल्या ताटाबरोबर शेजारच्या ताटाकडेही एकदा बघावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.